नॉइज नसलेलं लग्न

२४ नोव्हेंबर, सोमवार

कालचं लग्न अप्रतिम झालं. म्हणजे मी अप्रतिम काढलं. लग्न तसं नेहमीचंच. नेवासा रोडचं लॉन, गोरज मुहूर्त, नवरदेव वरातीत अडकलेला. अक्षता पडल्या तेव्हा सूर्य केव्हाच घरी गेला होता. लॉनवाल्याचे दिवे आधी जांभळे, मग हिरवे, मग बंद.

रेश्मा म्हणाली, फ्लॅश लावा की. माझ्या बायकोला लग्नाचं आमंत्रण होतं म्हणून ती आली होती. सल्ल्याचं आमंत्रण नव्हतं. मी फ्लॅश वापरत नाही. फ्लॅश हा उजेड नसून दरोडा आहे. आयएसओ, म्हणजे अंधारात बघायची कॅमेऱ्याची ताकद, जिथपर्यंत जातो तिथपर्यंत नेला आणि सगळं लग्न रॉमध्ये काढलं. रॉ म्हणजे कॅमेऱ्यानं न शिजवलेला, कच्चा फोटो. श्रीरामपुरात हे समजणारा माणूस एकच. समोरच्या दुकानातला उझैर जेपेग काढतो, म्हणजे कॅमेऱ्यानंच शिजवून दिलेला. मोबाईलची कव्हरं विकता विकता मधे कुणी आलं तर त्याचा फोटो काढतो, आणि पाटीवर मात्र 'फोटोग्राफर' आधी, 'कव्हर' नंतर.

नवरदेव ओम फौजेत आहे. वीस डिसेंबरला परत जाणार. त्याच्या आत फोटो पाहिजेत, असं त्याचा थोरला भाऊ गहिनीनाथ मला जेवताना, पान खाताना आणि गाडीत बसताना सांगून गेला. ओमला आईचा फोटो बरोबर न्यायचाय. मी म्हणालो, आठवड्यात देतो. खरं तर त्याच्याही आधी होईल, पण गिऱ्हाइकाला लवकरची सवय लावू नये.

संकल्प: या वेळी सगळे फोटो, एकूण एक, नॉइजमुक्त द्यायचे. निवडक नाही. निवड हा आळशी लोकांचा उद्योग आहे.

२५ नोव्हेंबर

फोटो कॉम्प्युटरवर घेतले. थोडा नॉइज आहे. म्हणजे सगळ्या वऱ्हाडाच्या तोंडावर कुणीतरी रवा भुरभुरलाय असं दिसतं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. माझ्याकडे नॉइज काढायचं नवं एआय आहे. सगळे फोटो सिलेक्ट केले, बटण दाबलं. झालं काम.

उझैर कार्ड रीडर मागायला आला आणि न विचारता स्क्रीनमध्ये डोकावला. म्हणाला, राधाभाऊ, आधी चांगले फोटो निवडा, बाकीची एडिटिंग करून घ्या, आणि जे द्यायचेत तेवढ्यांचाच नॉइज शेवटी काढा. नाहीतर प्रत्येक फोटोची नवी फाइल बनते, मूळच्या तिप्पट-चौपट. मशीन गुदमरेल.

जेपेग काढणाऱ्यानं रॉवर बोलावं! मी त्याला कार्ड रीडर दिला नाही. माझ्याच कामाला लागतो म्हणालो.

२७ नोव्हेंबर

अजून चालूच. कॉम्प्युटरचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा येतो. रेश्मानं विचारलं, दळण कधी निघणार? या बाईला तंत्रज्ञानातलं काही कळत नाही, पण उपमा बरोबर सुचतात.

जे फोटो निघाले ते पाहिले. काय त्वचा! रेशीम! नवरीच्या मामाच्या तोंडावर देवीचे व्रण होते, ते गेले. मामा जन्मात इतका देखणा नव्हता.

२९ नोव्हेंबर

नॉइज संपला. आजपासून एडिटिंग. सकाळी अंघोळ करून, मन प्रसन्न करून बसलो.

उजेड वाढवायचा स्लायडर ओढला. काही झालं नाही. जरा जास्त ओढला. काही नाही. परत मागे आणला, पुन्हा पुढे नेला. आत जाऊन चहा घेऊन आलो. तोवर माझे सगळे हुकूम रांगेत उभे होते, ते एकदम बजावले गेले. नवरी पांढरी पडली, मग काळी झाली, मग निळी. शेवटी पडदा गोठला. नवरी निळीच राहिली.

सॉफ्टवेअरवाल्यांना इंग्रजीत खरमरीत पत्र लिहिलं. त्यांचं लगेच उत्तर आलं की आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. निर्लज्ज.

१ डिसेंबर

रोग सापडला. उष्णता. फाइलींचा यात काही संबंध नाही. कॉम्प्युटरची एका बाजूची पत्रा-पट्टी काढली आणि आत टेबलफॅन सोडला. आतली कित्येक वर्षांची धूळ उडून थेट माझ्या नाकात. दिवसभर शिंकतोय. काउंटरवरच्या लग्नपत्रिका उडून रस्त्यावर गेल्या, त्या उझैरनं गोळा करून आणून दिल्या. आणून देताना हसला. लक्षात ठेवलं आहे.

वेग: किंचित वाढला. रेश्माला तसं वाटत नाही. ती तटस्थ नाही.

३ डिसेंबर

गहिनीनाथचा फोन. त्यांच्या उसाला तोड आलीय, फडातून बोलत होता. मागे मजूर बाया ओरडत होत्या. फोटो झाले का, म्हणाला. मी त्याला क्वालिटी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. बराच वेळ समजावलं. शेवटी लक्षात आलं की फोन मधेच कधीतरी बंद झालाय.

शेतकऱ्याला एक कळायला हवं. ऊससुद्धा लावल्या लावल्या तोडत नाहीत.

५ डिसेंबर

नवा मोठा मॉनिटर आणला. खूप मोठा. जुन्या मॉनिटरवर काम करणं म्हणजे फटीतून लग्न बघणं होतं. हा लावल्यावर फोटो इतका भव्य दिसतो की आपोआप मान वर जाते.

वेग मात्र अजून उतरला. आता फोटो वरून खाली, पट्ट्या-पट्ट्यांनी उतरतो. आधी नवरदेवाचा फेटा, मग कपाळ. मिशी येईपर्यंत आपण कुणाचा फोटो उघडला ते विसरायला होतं. उझैर दुकानातूनच ओरडला की मोठ्या पडद्याला जास्त ताकद लागते. त्याचा स्वतःचा पडदा ताटलीएवढा. मत्सर, दुसरं काय.

संकल्प: उझैरकडे बघायचं नाही. खुर्ची फिरवून घेतली. आता पडद्यावर उन्हाची तिरीप येते. चालेल.

८ डिसेंबर

हार्ड डिस्क भरली. नव्या फाइली ठेवायला जागा नाही, आणि जागा नसल्यामुळेच सगळं मंद चाललंय, हे आज मला एकदम लखकन दिसलं. मग जागा खातंय कोण? मूळ फोटो. तेच रवा सांडलेले, खरबरीत, मी ज्यांना केव्हाच सुधारून टाकलंय ते. तांदूळ निवडल्यावर खडे कुणी डब्यात भरून ठेवतं का?

सगळे डिलीट केले. कचरापेटीही रिकामी केली. रेश्मा दारात उभी होती. म्हणाली, अहो, खात्री करून तरी. मी म्हणालो, खात्री मीच आहे.

फार हलकं वाटतंय. कॉम्प्युटरलाही वाटत असावं.

१० डिसेंबर

शाळेचं गॅदरिंग केलं. त्यासाठी कॅमेऱ्यातलं लग्नाचंच कार्ड पुसून वापरलं. कोळीनृत्य, पुन्हा कोळीनृत्य, आणि मग मोठ्या वर्गाचं कोळीनृत्य. इथून समुद्र किती लांब आहे हे कुणीतरी शिक्षकांना सांगायला हवं.

घरी येऊन लग्नाचा एक फोटो पूर्ण केला. एकच, पण पूर्ण. वेगाच्या मागे लागलेल्या जगात मी आता ठरवून सावकाश काम करतो. ही माझी शैली आहे, असं गिऱ्हाइकाला सांगायचं.

१४ डिसेंबर, रविवार. सकाळी

आज गहिनीनाथ येणार, आईला घेऊन. ओमनं निरोप दिलाय की निदान आईचा फोटो तरी बघून पक्का करा. स्टुडिओ झाडून घेतला. नवा मॉनिटर पुसला. चांगुणाबाईंना, म्हणजे ओमच्या आईला, पडद्यासमोरची खुर्ची द्यायची. खेड्यातली बाई. स्वतःला एवढं मोठं आणि इतकं स्वच्छ पाहून डोळ्यांना पाणी येणार, हे नक्की. तो क्षण टिपायला कॅमेरा तयार ठेवलाय. फ्लॅश नाही.

दुपारी

झालं ते क्रमानं लिहितो, म्हणजे चूक त्यांची कुठे झाली ते दिसेल.

पहिला फोटो दाखवला तो अक्षतांचा. तो उतरायला वेळ लागला. गहिनीनाथनं तेवढ्यात तंबाखू मळून खाल्ली. पूर्ण उतरल्यावर तो पडद्याजवळ गेला. मग म्हणाला की सगळ्यांचे हात वर हायेत, आन् अक्षता कुठं हायेत?

मी पाहिलं. अक्षता नव्हत्या. पुढचा फोटो उघडला, त्यातही नव्हत्या. हवेत एक दाणा नाही. सगळं वऱ्हाड हात वर करून उभं होतं, पोलिसांनी घेरल्यासारखं. एआयनं अक्षता नॉइज समजून काढल्या होत्या. तांदळाचा दाणा आणि नॉइजचा दाणा, अंधारात फरक तो किती असणार? मी गहिनीनाथला म्हणालो की मुद्दा चेहऱ्यांचा आहे, तांदूळ काय घरोघरी असतात.

मग चांगुणाबाईंचा फोटो उघडला. माझ्या आयुष्यातला सर्वोत्तम. ओमच्या गालावरून हात फिरवून त्या कानशिलाशी बोटं मोडतायत. चेहरा असा गुळगुळीत की हात लावावासा वाटावा.

त्या बघत राहिल्या. पाणीबिणी काही आलं नाही. त्यांनी आधी पडद्यावरच्या कपाळाला बोट लावलं, मग स्वतःच्या. त्यांच्या कपाळावर दोन भुवयांच्या मधे हिरवं गोंदण आहे, आणि हनुवटीवर तीन ठिपके. फोटोत ते नव्हतं. खर्ड्याला माहेरी असताना, अगदी लहानपणी, आईनं मांडीवर घट्ट धरून गोंदवून घेतलं होतं, असं त्या गहिनीनाथला सांगत होत्या, मला नाही. मग माझ्याकडे वळल्या.

"मालक गेले तवा कुंकू पुसलं. ह्ये तेवढं कपाळावर ऱ्हायलं हुतं. त्ये बी तुमी पुसलं व्हय?"

मी त्यांना सांगितलं की हा ग्राफिक कार्डाचा प्रश्न आहे.

त्या उठल्या. चहा आला होता, तो तसाच राहिला. गहिनीनाथ जाताना एवढंच म्हणाला की मूळ फोटो असतील ते द्या, रवा सांडलेले चालतील. मी म्हणालो, बघतो.

कॅमेरा तयार होता, पण काही टिपलं नाही.

१५ डिसेंबर

मूळ फोटो परत आणायचं सॉफ्टवेअर मिळालं. कार्डाला लावलं. दिवसभर घरघर करून त्यानं जे खोल गाडलेलं होतं ते वर काढलं: कोळीनृत्य.

हार्ड डिस्कलाही लावलं. तिथे मी मोकळ्या केलेल्या जागेवर मीच नव्या फाइली भरल्यामुळे खालचं काही उरलं नाही. इतकं मन लावून काम करणाऱ्याला शिक्षा होते, ती अशी.

यात माझा दोष काय, याचा शांतपणे विचार केला. सापडला नाही. लॉनवाल्यानं नीट दिवे लावले असते तर? वरात वेळेवर आली असती तर? आणि जगातल्या इतक्या लोकांच्या कपाळावर गोंदण असताना एआय बनवणाऱ्याच्या घरात एकही म्हातारी नव्हती?

संध्याकाळी तो फोटो पुन्हा उघडला. कपाळ पाहिलं. स्वच्छ आहे. फारच स्वच्छ आहे.

१६ डिसेंबर

उपाय सापडला. अक्षता हातानं टाकायच्या. रेश्माकडून मूठभर तांदूळ मागितले, हळद-कुंकू लावून काळ्या कापडावर टाकले, फोटो काढला, आता त्यातला एकेक दाणा उचलून लग्नात सोडायचा. सोपं आहे.

पहिला दाणा नवरदेवाच्या डोक्यावर सोडला. आला नाही. पुन्हा सोडला, आला नाही. माउस बाजूला घेतला तेव्हा सगळे दाणे एकदम आले, ते भटजींच्या उघड्या तोंडात. काढायला गेलो तर भटजींचे दात निघाले.

रेश्मा म्हणाली, आधी तुम्ही तांदूळ काढलेत, आता परत घालताय, तर मधल्या काळात नेमकं काय केलंत? असल्या प्रश्नांना उत्तर देत बसलो तर काम कधी करणार?

१७ डिसेंबर

फोटोत गोंदण परत रेखायला घेतलं. चांगुणाबाईंना फोन करून ठिपके कसे कसे आहेत ते विचारावं म्हणून नंबर लावला. त्यांनीच उचलला. हवामानाबद्दल बोललो. थंडी वाढलीय, म्हणालो. त्या म्हणाल्या, व्हय. मग ठेवला.

आठवणीनं काढलं. भुवयांमधे एक उभी रेघ, बाजूला ठिपके. माउस नेहमीसारखा उशिरा चालला आणि रेघ गालावर उतरली. दिसायला जखम दिसते. पुसली तर एआयनं विचारलं, चेहऱ्यावरचा डाग पूर्ण काढू का?

कॉम्प्युटर बंद केला. तो बंद व्हायलाही वेळ घेतो.

१८ डिसेंबर

आज जे कळलं ते लिहू की नको, असं वाटत होतं. पण रोजनिशी माझी आहे, इथे कोण येतंय वाचायला.

रेश्मा मला न सांगता सकाळच्या एसटीनं गहिनीनाथच्या गावी गेली. लग्नात तिनं मोबाईलवर फोटो काढले होते. फ्लॅश मारून! भर मंडपात, माझ्या पाठीमागे! ते तिनं त्यांना दिले. त्यात अक्षता आहेत म्हणे, पांढऱ्या फटफटीत, गारा पडल्यासारख्या. वर तिथे अंगणात चांगुणाबाई आणि ओमला उभं करून तिनं अजून एक फोटो काढला. मला मोबाईलवर दाखवला.

परीक्षण: भरदुपारचं ऊन डोक्यावर. दोघांचे डोळे बारीक. मागे ट्रॅक्टरची ट्रॉली आणि अर्धी शेळी. चांगुणाबाईंच्या तोंडावरची प्रत्येक सुरकुती दिसते. गोंदण दिसतं, हिरवं, नीट. ओम आईकडे बघतोय आणि आई कॅमेऱ्याकडे. कंपोझिशन शून्य.

मी रेश्माला म्हणालो की फोटोग्राफीत याला स्नॅप म्हणतात. ती म्हणाली, म्हणू देत.

प्रिंट उझैरकडून काढली. समोरूनच. मी खुर्ची फिरवून घेतलेली असल्यामुळे दिसलं नाही.

२० डिसेंबर, शनिवार

ओमची गाडी दुपारची होती. स्टेशनवर गेलो. पेन ड्राइव्हमध्ये जेवढे फोटो झाले तेवढे घेतले होते, अक्षता नसलेले. काही नसण्यापेक्षा बरे.

सगळे प्लॅटफॉर्मवर होते. नवी सून डोळे पुसत होती, गहिनीनाथ उगाच बॅगेचा पट्टा आवळत होता. चांगुणाबाई बाकावर बसल्या होत्या. मी पेन ड्राइव्ह ओमच्या हातात दिला आणि म्हणालो, हाय रेझोल्यूशन आहे, उघडायला जरा वेळ लागेल. त्यानं दोन्ही हातांनी घेतला. आभारही मानले. फौजेत शिस्त शिकवतात.

मग त्यानं खिशातून पाकीट काढलं, बायकोला दाखवायला. आत तो ऊन-शेळीवाला फोटो होता. एवढासा, जेपेग. उझैरनं कोपरे गोल कापून दिले होते.

चांगुणाबाईंनी मला पाहिलं. मला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी बाकावर सरकून जागा करून दिली. बसलो. त्या म्हणाल्या, "थंडी वाढली न्हाई का?"

मी म्हणालो, हो.

गाडी गेल्यावर त्या बऱ्याच वेळानं उठल्या. मी त्यांच्या आधी उठू शकलो नाही. का ते माहीत नाही, बहुतेक पाय आखडले होते.

२३ डिसेंबर

उझैर आला. न बोलवता. गुपचूप बसून त्यानं माझ्या त्या सगळ्या फुगलेल्या फाइली दुसऱ्या डिस्कवर टाकल्या, कॉम्प्युटरची पट्टी परत लावली, फॅन रेश्माला आत नेऊन दिला. जाताना म्हणाला की आता चालेल. मी त्याला विचारलं, कार्ड रीडर हवाय का? तो म्हणाला की तेव्हाच नवा घेतला.

त्याला काही कळतं असं मी अजूनही म्हणणार नाही. डिस्क उचलून ठेवणं हे हमालीचं काम आहे.

१ जानेवारी, गुरुवार

नवं वर्ष. कॉम्प्युटर वाऱ्यासारखा चालतो. स्लायडर ओढला की फोटो तिथल्या तिथे उजळतो, मागे आणला की मागे येतो. सकाळी बराच वेळ पुढे-मागे करत बसलो. कामाचा फोटो नव्हता, सॉफ्टवेअरबरोबर नमुन्याला येतो तो परदेशी डोंगर होता.

लग्नाच्या तारखांसाठी दोन फोन आले. दोन्ही वेळा रेश्मावहिनी आहेत का, असं विचारलं. मी सांगितलं की त्या फ्लॅश वापरतात. तरी चालेल म्हणाले.

दुपारी एक गिऱ्हाईक आलं. भिमाजी नावाचे गृहस्थ, पेन्शनच्या कागदांना पासपोर्ट फोटो पाहिजे होता. त्यांना कुणी काय सांगितलं होतं कोण जाणे, पण स्टुलावर बसायच्या आधीच त्यांनी मला हात जोडले. म्हणाले, गालावरचा तीळ तेवढा राहू द्या. सगळ्या कागदांवर ओळखखूण म्हणून तोच लिहिलाय.

मी कुणाचे तीळ काढत नाही, असं त्यांना कडक शब्दांत सांगितलं. फोटो काढला, क्षणात तयार केला, प्रिंट हातात दिली.

त्यांनी पहिल्यांदा दारात उजेडाला जाऊन तीळ बघितला. मग फोटो पिशवीत ठेवला.